रात्रीचे ताट आणि देहाचे घड्याळ

दिल्लीतील लग्नाचे पहिले आमंत्रण आलेल्या मराठी माणसाची एक फजिती ठरलेली असते. पत्रिकेवर रात्री आठची वेळ छापलेली असते. पाहुणा आपल्या गावच्या रीतीप्रमाणे आठाला दहा मिनिटे कमी असतानाच मांडवात हजर होतो. पण तेथे विजेच्या माळा जोडणाऱ्या माणसांवाचून कोणी नसते. वरात साडेदहाच्या सुमारास येते. हारतुरे, नाच आणि छायाचित्रे आटोपून पानावर बसावे, तो अकरा वाजून गेलेले असतात. छोले, पनीर, नान आणि तुपात निथळणारा गाजराचा हलवा यांचा समाचार घेऊन तो घरी पोहोचतो तेव्हा तारीख बदललेली असते. मग दुसऱ्या दिवशी गावाकडे खुशाली कळवताना तो सांगतो, ‘इकडची माणसे मध्यरात्री जेवतात. अंगाने सुटतील नाहीतर काय!’

या एका वाक्यात तीन विधाने आहेत. दिल्लीकर उशिरा जेवतात, हे पहिले. ते अंगाने सुटतात, हे दुसरे. आणि पहिल्यामुळे दुसरे घडते, हे तिसरे. पहिली दोन विधाने पुष्कळ अंशी खरी आहेत. तिसऱ्याची मात्र नीट झडती घेतली पाहिजे. कारण दोन गोष्टी एका घरात नांदतात एवढ्यावरून त्यांचे नाते मायलेकीचेच असते असे नाही.

दुसऱ्या विधानाला सरकारी पाहणीचा आधार आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांची आणि पुरुषांची उंची व वजन मोजण्यात आले. सबंध देशात उंचीच्या मानाने वजन अधिक असलेल्या स्त्रियांचे प्रमाण २४ टक्के निघाले. दिल्लीत ते ४१.३ टक्के होते. पुरुषांचे प्रमाण देशात २२.९ टक्के, तर दिल्लीत ३८ टक्के. म्हणजे राजधानीत दर पाच स्त्रियांमागे दोघींचे वजन हवे त्याहून जास्त आहे.

उशिराच्या जेवणाविषयीही केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबण्याचे कारण नाही. मीरतच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील नीलू जैन गुप्ता, दिल्ली विद्यापीठातील विनोद कुमार आणि कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेचे सच्चिदानंद पंडा या तिघांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातील ९३ निरोगी प्रौढांनी २१ दिवस तोंडात जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाचे आणि पेयाचे छायाचित्र आपल्या मोबाइलवर टिपून ठेवले. माणूस दिवसातून तीनदा जेवतो आणि सारे खाणे बारा तासांत उरकतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या छायाचित्रांनी ती खोटी ठरवली. निम्म्याहून अधिक लोकांचे खाणे पंधरा तास किंवा त्याहूनही अधिक काळ पसरलेले होते. पहाटेच्या चहाने उघडलेले तोंड रात्रीच्या दुधानेच मिटत होते. दिवसभरातील अन्नशक्तीपैकी दुपारी बारापूर्वी घेतलेला वाटा तीस टक्क्यांहून कमी, आणि संध्याकाळनंतर घेतलेला वाटा तीस टक्क्यांहून अधिक होता.

आता तिसऱ्या, म्हणजे कार्यकारणाच्या विधानाकडे वळावे. रात्री उशिरा खाऊ नये हा उपदेश आपल्याकडे नवा नाही. जैन समाजात सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचे व्रत शतकानुशतके पाळले जाते. कोल्हापूर-सांगलीकडील शेतकरी जैन कुटुंबांपासून चांदणी चौकातील जुन्या पेढीवाल्यांपर्यंत ते पाळणारी घरे आजही आहेत. परंतु त्या व्रताच्या मुळाशी कंबरेच्या घेराची चिंता नाही. अंधारात नकळत होणारी जीवहिंसा टळावी, ही दृष्टी आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत दिवेलागणीनंतर लगेच भाकरी खाऊन घेण्याची चाल होती, तीही आरोग्यशास्त्रातून आलेली नव्हती. दिव्याला तेल लागे, आणि पहाटे मोटेवर किंवा जात्यावर बसायचे असे. ज्यांना अंगमेहनतीमुळे दोन वेळची भाकरीच पुरत नसे, त्यांना लठ्ठपणाचे भय कोठून असणार? तेव्हा रूढी जुनी आहे म्हणून ती वजनाच्या प्रश्नाचे उत्तरही देते असे धरून चालणे बरोबर नाही. ते उत्तर प्रयोगाकडेच मागितले पाहिजे.

प्रयोगाचा पहिला कौल मध्यरात्री जेवणाऱ्याच्या बाजूचा आहे. एका फुलक्यातील अन्नशक्ती सात वाजता असते तेवढीच अकरा वाजता असते. घड्याळाचा काटा पुढे सरकला म्हणून पिठात उष्मांक वाढत नाहीत. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजनदार प्रकृतीच्या तीस जणांना चार आठवडे असा आहार दिला, की त्यातील सर्वांत मोठा वाटा सकाळी आणि सर्वांत लहान रात्री यावा; आणि दुसरे चार आठवडे नेमका याच्या उलट. एकूण अन्न सारखेच होते आणि ते संशोधकांनीच पुरवले होते. दोन्ही पाळ्यांत वजन सारखेच, सुमारे ३.३ किलो, उतरले. शरीराने खर्च केलेल्या शक्तीतही फरक आढळला नाही. फरक आढळला तो भुकेत. सकाळी भरपूर खाल्लेल्या दिवसांत माणसांना दिवसभर भूक कमी लागली.

ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण सर्व प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे. प्रयोगशाळेत ताट मोजून मिळते. घरी ते भुकेच्या हुकमाने भरले जाते. इस्रायलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९३ स्थूल स्त्रियांना बारा आठवडे दिवसाला १४०० उष्मांकांचा आहार आखून दिला होता. निम्म्या स्त्रियांनी त्यातील ७०० उष्मांक न्याहारीला घ्यायचे, उरलेल्यांनी तेवढेच रात्री. न्याहारी भरपेट करणाऱ्यांचे वजन सरासरी ८.७ किलोंनी उतरले. रात्री भरपेट जेवणाऱ्यांचे ३.६ किलोंनी. या स्त्रिया आपापल्या घरी राहत होत्या. घरी राहणाऱ्या माणसाने आखून दिलेल्यापेक्षा किती घास अधिक घेतले, यावर कोणाची नजर राहू शकत नाही. ॲबर्डीन आणि इस्रायल यांच्या निष्कर्षांतील अंतराचा निदान काही भाग तरी या न मोजलेल्या घासांत दडलेला असणे संभवनीय आहे.

भूक वाढते ती कशाने, याचा शोध अमेरिकेत बॉस्टन येथील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी घेतला. त्यांचा प्रयोगही २०२२ सालचाच. अधिक वजनाच्या सोळा जणांना त्यांनी प्रयोगशाळेत ठेवून तेच अन्न एकदा नेहमीच्या वेळी आणि एकदा चार तास उशिरा दिले. झोपेच्या वेळा, उजेड, हालचाल, सर्व काही बांधून दिलेले होते. उशिरा जेवण्याच्या पाळीत भूक वाढली. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक घटले. जागेपणी शरीर जी शक्ती खर्च करते ती सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे साठेक उष्मांकांनी, कमी झाली. चरबीच्या पेशींतही साठवणुकीकडे झुकणारे बदल दिसले.

साठ उष्मांक म्हणजे एका लहान फुलक्याहूनही कमी. या प्रयोगात माणसे मोजकीच होती आणि तो काही दिवसांचाच होता, हेही विसरता कामा नये. वर्षानुवर्षे उशिरा जेवणाऱ्याच्या देहात हाच फरक टिकतो की शरीर त्याला सरावते, हे एवढ्यावरून ठरत नाही. परंतु दिशा स्पष्ट दिसते. वेळेचा थेट परिणाम लहान आहे. वेळेने चाळवलेल्या भुकेचा परिणाम मोठा असू शकतो.

हे असे का व्हावे, याचे उत्तर देहातील घड्याळांत आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या वरच्या अंगाला, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाची खबर घेऊन तो सबंध शरीराला दिवस आणि रात्र यांची जाणीव देतो. हे झाले मुख्य घड्याळ. याशिवाय यकृत, स्वादुपिंड, स्नायू आणि चरबी यांच्या पेशींतही आपापली घड्याळे असतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे काटे जेवणाच्या वेळेवर लावले जातात. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, याच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी सुमारे दोन तास मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढू लागते. ते निजेची तयारी करते आणि त्याच वेळी स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरण्याचा वेग मंदावते. म्हणून जो भात सकाळी खाल्ला असता रक्तातील साखर बेताने चढली असती, तोच रात्री उशिरा खाल्ला तर ती अधिक चढते आणि अधिक वेळ चढलेली राहते. एखाद्या कचेरीत दिवे मालवून कारकून घरी निघावेत आणि त्याच वेळी दारात टपालाच्या गोण्या येऊन पडाव्यात, तसा हा प्रकार आहे. टपाल नाकारले जात नाही. पण त्याचा निपटारा दिवसासारखा होत नाही.

या घड्याळांची सर्वांत कठीण परीक्षा दिल्लीच्या शेजारी, गुरुग्राम आणि नोएडा येथील काचेच्या इमारतींत होते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात येथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. परदेशी ग्राहकांची कामे पाहणारे हजारो तरुण त्या घड्याळाने वागतात आणि त्यांचे मधल्या सुट्टीचे जेवण मध्यरात्रीनंतर होते. रात्रपाळीचे जेवण हा आता काही थोड्या लोकांचा प्रश्न राहिलेला नाही. त्यांच्यासाठी २०२१ साली प्रसिद्ध झालेला बॉस्टनचाच आणखी एक प्रयोग उपयोगी आहे. एकोणीस निरोगी माणसांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवले. त्यांपैकी ज्यांनी रात्री अन्न घेतले त्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी जागरण केले पण जेवणे दिवसाच घेतली, त्यांची वाढली नाही. म्हणजे जागरण टाळता आले नाही तरी रात्रीचे भरपेट अन्न टाळून हानीचा काही भाग तरी वाचवता येण्यासारखा आहे.

परंतु प्रयोगशाळेतून बाहेर येऊन दिल्लीच्या रस्त्यावर उभे राहिले म्हणजे आणखी एक साधी गोष्ट ध्यानात येते. रात्री उशिरा माणसे जे खातात, ते क्वचितच वरण-भात असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत तीनशेहून अधिक दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास परवानगी देण्यात आली. सोनिपत जिल्ह्यातील मुरथलचे ढाबे तर रात्रभर जागे असतात, आणि मध्यरात्री मोटारी हाकत तेथे जाणारी मंडळी लोण्याचा गोळा ठेवलेल्या पराठ्यासाठी जातात. मूग-भाताच्या खिचडीसाठी नव्हे. शिवाय उशिराचे जेवण बहुधा अगोदरच्या खाण्याची जागा घेत नाही; त्याच्यावर भर घालते. रात्रीचे जेवण दहाला व्हायचे, म्हणून सहा वाजता समोसा आणि साखरेचा चहा होतो. त्याने भूक मरते, म्हणून जेवण आणखी लांबते. जेवण लांबले म्हणून झोप लांबते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी खाण्याची वासना वाढते. आणि सकाळी पोट जड असल्याने न्याहारी बुडते. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे घड्याळ आणि ताट यांपैकी दोष कोणाचा, हे वेगळे काढणे अवघड होते.

म्हणूनच ‘सातच्या आत जेवा’ असा सरसकट हुकूम सोडणे सोपे, पण पाळणे कठीण असते. डिसेंबरात दिल्लीचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्या वेळी कचेरीचे काम संपलेलेही नसते. नोएडाहून किंवा फरिदाबादहून मेट्रोने दीड तास प्रवास करून माणूस घरी येतो तो साडेआठ-नवाला. पहाडगंज आणि करोलबाग या जुन्या वस्त्यांतील मराठी घरे असोत, की द्वारका-गुरुग्रामकडे पसरलेली नवी बिऱ्हाडे असोत, घराचे जेवण घरी शेवटी पोहोचणाऱ्या माणसाच्या वेळेला बांधलेले असते. आणि त्याच्याही नंतर जेवणारे एक माणूस पुष्कळ घरांत असते. ते म्हणजे घरची गृहिणी.

तिचा दिवस सर्वांआधी सुरू होतो. मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचा चहा, आणि स्वतःची नोकरी असल्यास तिची घाई. यांत तिची न्याहारी उभ्याउभ्या होते किंवा होतच नाही. दुपारी एकटीसाठी कोण ताजे करणार, म्हणून सकाळची पोळी चहाबरोबर जाते. रात्री सर्वांना गरम फुलके वाढून झाले, की साडेदहाला ती पानावर बसते. दिवसभराची भूक त्या वेळी एकवटलेली असते, आणि पातेल्यात उरलेले टाकवत नाही म्हणून तेही तिच्याच ताटात येते. वर्तमानपत्रातील सल्ला वाचून ती स्वतःला बोल लावते, की आपल्याला जिभेवर ताबा नाही. वस्तुतः प्रश्न जिभेचा नसून घराच्या वेळापत्रकाचा आहे. राजधानीतील स्त्रियांचे ४१.३ टक्के हे प्रमाण केवळ जेवणाच्या उशिरामुळे आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यामागे अपुरी हालचाल, गोड व तळलेले अन्न, वय, बाळंतपणे अशी अनेक कारणे आहेत. पण सर्वांत शेवटी आणि सर्वांत भुकेल्या पोटी जेवण्याची ही रीत वजन उतरवण्याच्या मार्गातील एक अडसर आहे, हे वरील प्रयोगांच्या उजेडात स्पष्ट दिसते.

मग करावे काय? चीनमधील क्वांगचौ शहरात १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने या बाबतीत एक समतोल दृष्टी दिली आहे. सर्वांचेच उष्मांक कमी केले होते. निम्म्यांना त्याखेरीज सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याचे बंधन होते. वर्षाअखेर बंधन पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि इतरांचे ६.३ किलोंनी उतरले; पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. अन्न किती आणि कोणते, हा पहिला प्रश्न. केव्हा, हा दुसरा. घड्याळाकडे पाहून ताटाकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

तेव्हा शहाणपणाचा मार्ग असा दिसतो, की जेवणाची वेळ हलवता येत नसेल तर जेवणाचे वजन हलवावे. दिवसातील भारी जेवण दुपारच्या डब्यात न्यावे. पोळी, उसळ, भाजी, ताक असा भरपूर डबा दुपारी झाला, तर रात्रीच्या भुकेची धार बोथट होते. संध्याकाळी सहाला समोशाऐवजी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, फळ किंवा मोड आलेले मूग घ्यावेत. रात्री नवाला घर एकत्र बसले तरी ताट हलके असावे. मुगाची खिचडी, सार, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी ही आपली जुनी रात्रीची जेवणे त्या कामाला उत्तम आहेत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर पडेल असे पाहावे. त्यानंतरची कुल्फी, मिठाई आणि दूरचित्रवाणीपुढील चिवडा यांना रजा द्यावी. जेवणानंतर शतपावली घालावी; हलके चालण्याने रक्तातील साखर कमी चढते, हे आधुनिक मोजणीनेही दाखवले आहे. आणि गृहिणीने सर्वांच्या शेवटी जेवण्याची चाल तर घरानेच मोडावी. फुलके एकदम करून डब्यात ठेवले आणि सारे जण एका वेळी बसले, तर तिच्या ताटाची वेळ काही खर्च न करता तासाभराने अलीकडे येईल.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, किंवा रात्रीचे जेवण एकाएकी तोडू नये. साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचा संभव असतो. आणि जे अंगाने सडपातळ आहेत त्यांनीही आपल्याला हा विषय लागू नाही असे समजू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे होते. पण देहातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय देह वजनकाट्यावर हलका ठरूनही आत चरबी साठवू शकतो. रात्रीच्या जड जेवणाने चढणारी साखर त्यालाही सोडीत नाही.

दिल्लीच्या त्या लग्नातील पाहुण्याचे विधान, एवंच, अर्धे खरे मानावे लागते. रात्री अकराचे एक जेवण कोणाला स्थूल करीत नाही, आणि वर्षातून दोनचारदा येणाऱ्या लग्नसमारंभात हात आखडून बसण्याचेही कारण नाही. स्थूल करते ते रोजचे अधिक अन्न. आणि रोजचा उशीर त्या अधिक अन्नाला वाट करून देतो, भूक चाळवतो आणि देहाचा खर्च किंचित आखडतो. पाहुण्याने गावाकडे कळवायचेच असेल, तर दिल्लीकरांच्या घड्याळाबरोबर त्यांच्या न्याहारीचीही चौकशी करून कळवावे. आणि त्या घरांत सर्वांत शेवटी कोण जेवते, तेही एकदा पाहून घ्यावे.